तिसरी पिशवी

ठकीच्या खोलीत पंखा लावायचा होता. एवढंच. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे आमच्या दारात जो ट्रक उभा राहिला आणि त्यातून नखशिखान्त पांढऱ्या पोशाखातली जी दोन माणसं उतरली, त्यांच्यावरून गल्लीत बरेच अंदाज बांधले गेले. एका अंदाजानुसार आमच्याकडे स्फोटकं सापडली होती. तर नाही. पंखा.

ठकी म्हणजे आमची मुलगी. वय आठ महिने, दात दोन, रांगण्याच्या बेतात. बेतात म्हणजे पालथी पडून हातपाय हवेत मारायची आणि जागच्या जागी लांबचा प्रवास केल्यासारखी दमून झोपायची. ती खरोखर रांगायला लागायच्या आत मागची खोली तिच्यासाठी तयार करायची, असं मी आणि नवऱ्याने ठरवलं होतं. खोली छान आहे. पूर्वेला खिडकी आहे, दाराला कडी आहे, आणि वर बाबांचं छत आहे.

बाबा म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर कचेरीत फायली लावल्या, पण त्यांचा जीव हत्यारांत. तीस वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यातले सगळे रविवार खर्ची घालून त्यांनी त्या खोलीच्या पत्र्याखाली बारा पांढुरक्या शीट स्वतःच्या हातांनी ठोकल्या आणि छत केलं. ते मधोमध थोडं खाली आलंय. सासूबाई त्याला ‘यांचं आकाश’ म्हणतात. घरात कुणीही नवीन माणूस आलं की त्याला पाणी देतात, बसवतात आणि म्हणतात, “यांच्या आकाशाला पोक आलंय, बघितलंत का?” मग तो बिचारा उठून बघून येतो. बाबा नुसते आणखी एक स्क्रू पिळून येतात.

तर वायरमन आला. स्टुलावर चढला, ड्रिल हातात घेतलं, आणि बोटाच्या पेराने छतावर टकटक केलं. मग पुन्हा केलं.

“हे काय आहे, साहेब?”

“शीट आहे,” बाबा खालून म्हणाले. “चांगली जड. हल्ली मिळत नाही असा माल.”

“कधीची?”

“तीस वर्षं झाली. एक हलली नाही.”

वायरमनने ड्रिल खाली ठेवलं. “मग मी भोक पाडणार नाही.”

आम्हाला वाटलं बाबांच्या कलेचा मान राखतोय. पण तो स्टुलावरून उतरून, हात पुसून, अगदी साध्या आवाजात म्हणाला, “त्या वेळच्या शीटमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा. सगळ्यांत नाही, पण असायचा. भोक पाडलं की भुगा उडतो, छातीत जाऊन बसतो, आणि वीस-तीस वर्षांनी सांगतो की मी आलो होतो. आमच्या उस्तादांचं तेच झालं. शेवटी त्यांना स्टुलावर चढवेना. तपासणीचा कागद दाखवा, तासाभरात पंखा लावून जातो. कागद नसेल तर माझ्याच्याने होणार नाही.”

तो चहा पिऊन गेला. आम्ही चौघं आणि ठकी छताकडे बघत उभे. ठकीला काहीच दिसलं नसणार, पण सगळे वर बघतायत म्हणून तीही बघत होती.

मला एकदम आठवलं ते पांढरं पीठ. पाळणा महिनाभर याच खोलीत होता, आणि रोज सकाळी त्याच्या चादरीवर अगदी चिमूटभर पांढरं पीठ पडलेलं असायचं. मी ते झटकायची. महिनाभर झटकत होते. वायरमन गेल्यावर मी चादर, उशी, पाळणा, ठकी असं सगळं उचलून बाहेरच्या खोलीत आणलं आणि मागच्या खोलीच्या दाराला वरपासून खालपर्यंत चिकटपट्टी लावली.

बाबा दारापाशीच उभे होते. त्यांना वाटलं मी ऐकत नाहीये. “मी करवतीने कापल्या होत्या,” ते नवऱ्याला म्हणाले. “अंगणात. आणि तू सहा वर्षांचा होतास. त्या भुशात गाड्या खेळायचास. रस्ते करायचास, पूल करायचास.” मग थोडं थांबून, “मीच म्हटलं होतं, खेळू दे.”

नेमका त्याच क्षणी नवऱ्याला ठसका लागला. आम्ही तिघंही त्याच्याकडे वळलो. “चहा गरम आहे,” तो म्हणाला. आम्ही तरी बघत राहिलो. “अरे, चहा!” तो म्हणाला. पण त्या दिवसापासून त्याला घरात मोकळेपणाने खोकता आलं नाही. खोकायचं झालं की तो गॅलरीत जायचा.

बाबा त्या रात्री जेवले नाहीत. पोट भरलंय म्हणाले.

आमच्या समोर एक काका राहतात. उभा जन्म पूल बांधण्यात गेला, म्हणून सगळे त्यांना पूल-काका म्हणतात. बातमी त्यांच्याकडे आमच्या आधी पोचली असावी, कारण सकाळी ते हातात काठी घेऊनच आले आणि काठीने छताला टोचायला निघाले. मी आडवी आले.

“अगं, आम्ही त्या पत्र्यांखाली वर्षानुवर्षं जेवलो,” ते म्हणाले. “काही होत नाही. रंगाचे दोन हात मारा आणि विसरून जा.”

“पण तुम्हाला दम लागतो ना, काका?”

“तो जिन्याचा.”

त्यांचं घर तळमजल्यावर आहे.

शेजारच्या काकूंचा सल्ला असा की खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या, जे काही असेल ते वाऱ्याने निघून जाईल. मग वारा त्यांच्याच घराकडे वाहतो हे त्यांच्या लक्षात आलं आणि सल्ला बदलून खिडक्या घट्ट बंद ठेवायच्या असा झाला. दिवसभरात तो दोनदा आणखी बदलला. वाऱ्यावर अवलंबून.

शेवटी नवऱ्याने एक प्रयोगशाळा शोधली. फोनवरच्या बाई फार शांत होत्या. त्यांनी टपालाने एक खोका पाठवला. आत एक अर्ज, सूचनांचा कागद आणि बंद होणाऱ्या तीन जाड पिशव्या, एक-दोन-तीन आकडे घातलेल्या. एका शुल्कात तीन नमुने. सूचना सोप्या होत्या. लहान मुलांना लांब ठेवा. मुखपट्टी लावा. जागा फवाऱ्याने ओली करा. नखाएवढा तुकडा पकडीने काढा. पिशवीत घाला, ती पिशवी घरातल्या दुसऱ्या पिशवीत घाला. ओल्या फडक्याने पुसा, फडकंही पिशवीत घाला. भोकावर पट्टी लावा.

नमुना घ्यायला बाबा पुढे झाले. मी नाही म्हटलं. नवरा पुढे झाला. त्यालाही नाही म्हटलं. तो आधीच एकदा भुशात खेळलेला. म्हणून मी गेले. अंगात रेनकोट, डोक्याला प्लास्टिकची टोपी, डोळ्यांवर नवऱ्याचा पोहायचा चष्मा, तोंडावर मुखपट्टी, हातात रबरी मोजे. बाहेर चाळीस अंश ऊन. दारातून निघताना ठकीने मला पाहिलं आणि जो हंबरडा फोडला, तो ऐकून शेजारच्या काकू खिडकीत आल्या. माझ्याकडे आपादमस्तक पाहून त्यांनी विचारलं, “कुठे गळतंय का गं?”

माणसाने आपल्या लेकरासाठी जीव धोक्यात घालावा आणि त्याच लेकराने त्याला बघून आजीच्या कुशीत तोंड लपवावं, याचं दुःख मी वेगळं लिहीत नाही.

पण काम चोख केलं. पहिला तुकडा मधल्या पोकातून, दुसरा खिडकीकडच्या कोपऱ्यातून. ओलं केलं, काढलं, पुसलं, पट्टी लावली. बाहेर येऊन रेनकोट धुतला, अंघोळ केली, केस दोनदा धुतले. दोन पिशव्या भरल्या. तिसरी उरली.

इथे आमच्या सासूबाईंचा एक नियम सांगायला हवा. आलेलं भांडं रिकामं परत जात नाही. कुणाच्या घरून वाटी आली, डबा आला, बरणी आली, तर परत जाताना त्यात काहीतरी असलंच पाहिजे. काही नाही तर चमचाभर साखर. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी शेजारचा एक डबा नुसता धुऊन परत दिला होता. ती गोष्ट मला अजूनही अधूनमधून ऐकवली जाते.

“ही तिसरी रिकामीच पाठवायची?” सासूबाईंनी पिशवी उजेडात धरून विचारलं.

“आई, ती प्रयोगशाळा आहे.”

“असेना. आपली काही रीतभात आहे का नाही?”

“आणि शुल्क तिन्हींचं दिलंय,” नवऱ्याने माझ्या विरुद्ध बाजूने मत टाकलं.

ही तिसरी पिशवी मोकळी आहे ही बातमीही गल्लीत गेली. पूल-काकांनी त्यांच्या जुन्या स्कूटरचा ब्रेकचा तुकडा कागदात गुंडाळून आणला. शेजारच्या काकूंना त्यांची कपडे धुवायची फरशी तपासून हवी होती, कारण त्यावर कपडे आपटले की त्यांना शिंका येतात. दोघांत आधी कोण बोललं यावरून थोडं वाजलं. अर्जात ‘नमुना घरातील कोणत्या भागातून घेतला’ असा रकाना होता. त्यात ‘समोरच्यांची स्कूटर’ कसं लिहिणार? मी दोघांनाही नम्रपणे नाही म्हटलं. दोघंही दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन दिवस सल्ल्यावाचून फार बरे गेले.

मग सासूबाईच म्हणाल्या, “माझ्या पाटीचा तुकडा घाल. कळू दे त्यांना, चांगली वस्तू कशाला म्हणतात.”

ही पाटी आमच्या ओट्यावरची. पांढरी, चौकोनी, वीतभर लांब-रुंद, बोटभर जाड. सासूबाई अठ्ठावीस वर्षं एका शाळेच्या विज्ञानाच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. शाळेने जुनं सामान काढलं तेव्हा स्पिरिटच्या दिव्याखाली ठेवायची ही पाटी त्यांनी मागून आणली. लाल झालेली इस्त्री ठेवा, उकळतं पातेलं ठेवा, तिला काही होत नाही. बाबांनी केलेलं छत आणि सासूबाईंनी आणलेली पाटी, या दोन वस्तूंची घरात तीस वर्षं तुलना चाललेली होती आणि पाटी नेहमी जिंकत होती. ठकी झाल्यापासून तिच्या बाटल्या उकळायचं भांडं मी त्याच पाटीवर ठेवत होते. दिवसातून चार वेळा.

पाटीचा एक कोपरा तसाही झिजून मऊ झाला होता. मी पकडीने त्याचा टवका काढला. कट्कन आवाज झाला, थोडा चुरा ओट्यावर पडला, तो मी तळहाताने गोळा करून तुकड्याबरोबर पिशवीत टाकला. रेनकोट नाही, मोजे नाहीत, फवारा नाही. ठकी माझ्या कडेवर होती, कारण ती नेहमी माझ्या कडेवर असते. ती पकडीला हात घालत होती. अर्जात मी लिहिलं: ‘तीन – स्वयंपाकघर, पाटी.’

दहा दिवस लागणार होते. पाच माणसं दोन खोल्यांत. पाळणा जाण्यायेण्याच्या वाटेवर, त्यामुळे रात्री पाणी प्यायला उठणाऱ्याने पाळण्याला एक झोका देऊन पुढे जायचं असा शिरस्ता पडला. बाबा बोलायचे कमी झाले. दुपारी ते चिकटपट्टी लावलेल्या दाराकडे तोंड करून खुर्चीत बसायचे. एकदा मी ठकीला त्यांच्या मांडीवर द्यायला गेले, तर ते म्हणाले, “नको. हात धुऊन येतो.” त्यांनी हात नुकतेच धुतले होते. मी बघितलं होतं. पुन्हा जाऊन धुऊन आले, नखांखाली ब्रश फिरवून, आणि मग तिला घेतलं.

सासूबाईंनी त्या दहा दिवसांत ‘आकाश’ हा शब्द उच्चारला नाही. एकदा पाहुणे आले, पाणी दिलं, बसवलं, आणि सासूबाई हवापाण्याबद्दल बोलायला लागल्या. पाहुणे स्वतःच म्हणाले, “यंदा छत दाखवलं नाहीत?” सासूबाई म्हणाल्या, “त्यात काय बघायचं? छतासारखं छत आहे.” बाबांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

अकराव्या दिवशी सकाळी अहवाल आला. नवऱ्याने फोनवर उघडला. बाबा खुर्चीतून उठले आणि का कोण जाणे, वायरमनच्या त्या स्टुलाला धरून उभे राहिले.

“एक,” नवऱ्याने वाचलं. “आढळला नाही.”



“दोन. आढळला नाही. सिमेंट आणि कागदाचा लगदा.”

“पुन्हा वाच,” बाबा म्हणाले.

त्याने पुन्हा वाचलं. बाबा स्टुलावर बसले, चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने तो पुसत राहिले. काचा केव्हाच स्वच्छ झाल्या तरी पुसत राहिले. नवरा गॅलरीत गेला नाही, तिथेच उभा राहून मोठ्यांदा, मोकळा खोकला. मी ठकीला उचलून तिच्या मानेत तोंड खुपसलं.

“आणि तीन,” नवरा म्हणाला. “आढळला.”

“तीन कुठला?” मी विचारलं. खरंच आठवेना. दहा दिवस आम्ही एक आणि दोनचाच विचार करत होतो.

मग आठवलं. आम्ही सगळे हळूहळू स्वयंपाकघराकडे वळलो. ओट्यावर पाटी होती. पाटीवर भांडं होतं. भांड्यात नुकत्याच उकळलेल्या बाटल्या होत्या.

मी प्रयोगशाळेला फोन लावला तेव्हा माझा आवाज माझ्या ताब्यात नव्हता. त्याच शांत बाई होत्या.

“तीन नंबर कुणी घेतला?” त्यांनी विचारलं. “पहिले दोन इतके व्यवस्थित आहेत. ओले, दुहेरी पिशवी, पुसलेलं फडकंही. तिसऱ्यात एक केस आहे आणि बिस्किटाचा कण आहे. दोन वेगळ्या माणसांनी घेतलेत का?”

“हो,” मी म्हणाले. देवाशपथ, तेच तोंडातून गेलं. मग मात्र सगळं सांगितलं. कडेवर ठकी होती, तेही.

त्यांनी ते सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, “एकदाच एक टवका निघाला, चुरा पडला, तुम्ही उचललात. अशा एका वेळेने घाबरून जाऊ नका. धोका जास्त भुगा, जास्त दिवस, याचा असतो. पण आजपासून तिला हात लावायचा नाही. ओलं करून दोन पिशव्यांत बंद करा. ओटा ओल्या फडक्याने पुसा, झाडू अजिबात नको. बाळाच्या डॉक्टरांनाही सांगून ठेवा.”

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनीही तेच म्हटलं, ठकीची छाती ऐकली, ठकीने त्यांची नळी तोंडात घातली. तरी पुढचे कितीतरी दिवस ती झोपली की मी तिच्या नाकापाशी कान नेऊन बसायची. ती आपली सुखाने घोरायची. भरपेट जेवलेल्या माणसासारखी.

इकडे घरात सासूबाई म्हणत होत्या, “अदलाबदल झाली असणार. मी अठ्ठावीस वर्षं प्रयोगशाळेत काढलीत. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या कशा इकडच्या तिकडे होतात, मला विचारा.”

नवऱ्याने अहवाल त्यांच्यापुढे धरला.

“त्या शाळेतल्या दिव्याखाली होती ती. मुलांच्या समोर. वाईट असती तर ठेवली असती का?”

सगळे बाबांकडे बघत होते. तीस वर्षं! आता तो क्षण आला होता. बाबांनी चष्मा लावला, घसा साफ केला.

“हं,” म्हणाले. आणि अंगणात गेले.

संध्याकाळपर्यंत सासूबाईंनी वाट पाहिली. शेवटी त्यांनाच राहवेना. “बोला की एकदाचं,” त्या म्हणाल्या. “काय बोलायचंय ते बोलून टाका. मन मोकळं करा.”

“काय बोलू?” बाबा म्हणाले. “तीस वर्षं माझे शर्ट त्याच पाटीवरच्या इस्त्रीने झाले. कचेरीत माझ्याइतका कडक शर्ट कुणाचा नव्हता.”

सासूबाई आत गेल्या. बराच वेळ नळ चालू होता.

आता पाटी टाकायची कुठे? कचऱ्याच्या गाडीत टाकता येत नाही. घातक कचऱ्याचं वेगळं कार्यालय आहे, दुसऱ्या मजल्यावर, आणि तिथे यासाठी एकच अर्ज आहे: ‘ॲस्बेस्टॉसचे छप्पर काढण्याबाबत’. मी, बाबा आणि ठकी गेलो.

खिडकीमागच्या साहेबांनी अर्ज वाचला. “छताचं क्षेत्रफळ?”

“छत नाहीये. पाटी आहे. एवढी.” मी हाताने दाखवली.

“रकाना रिकामा ठेवता येत नाही.”

“एक वीत गुणिले एक वीत.”

“मीटरमध्ये लिहा. मजले किती?”

“ओट्यावर आहे.”

“म्हणजे तळमजला.” त्यांनी लिहिलं. “चारही दिशांनी छायाचित्रं लागतील. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर.”

“पाटीची?”

“बांधकामाची.” मग त्यांनी मान वर करून आमच्याकडे नीट पाहिलं, ठकीकडे जरा जास्तच वेळ, आणि आवाज खाली आणून म्हणाले, “ताई, मलाही कळतंय. पण संगणक चार चित्रांशिवाय पुढेच जात नाही.”

शेवटचा प्रश्न होता: सदर पदार्थ घरात कुणी आणला. मी लिहायला पेन उचललं, पण बाबांनी मधेच सांगून टाकलं.

“आम्ही,” ते म्हणाले. “आम्ही दोघांनी आणला.”

साहेबांनी ‘कुटुंबीय’ असं लिहिलं.

घरी येऊन पाटीची चार दिशांची चित्रं काढली. दिशा बरोबर याव्यात म्हणून पूल-काका होकायंत्र घेऊन आले. त्यांच्याकडे ते अजून होतं. पिशवीत बंद केलेली पाटी चारही बाजूंनी एकसारखीच दिसते, पण उत्तर बाजूचं चित्र तीन वेळा काढावं लागलं, कारण काका म्हणाले की ती वायव्य आहे.

मग नियमाप्रमाणे तीन दिवस आधी दारावर पाटी लावायची होती. म्हणजे सूचना फलक: ‘येथे घातक पदार्थ हटविण्याचे काम चालू आहे. आवारात प्रवेश करू नये.’ पिवळ्या रंगात, लाल अक्षरांत. सासूबाईंच्या दारावर! ज्या दारातून आजवर कुणी रिकाम्या हाताने गेलं नाही. त्या तीन दिवसांत कुणी आलंच नाही. शेजारच्या काकूंनी आमची एक बरणी परत केली तीही काठीला अडकवून, कुंपणावरून. आत साखर होती. सासूबाईंनी बघितलं आणि पहिल्यांदा थोडं हसल्या.

चौथ्या दिवशी ट्रक आला. छपरांसाठी असतो तेवढा मोठा ट्रक. पूल-काकांनी तो मागे घ्यायला इशारे दिले आणि त्यामुळे आमच्या फाटकाचा एक खांब तिरका झाला. दोन माणसं उतरली, पांढरे पोशाख, डोळ्यांना चष्मे, तोंडावर मोठ्या मुखपट्ट्या. गल्ली गच्च भरली. ती दोघं आत आली, वहीएवढं पुडकं उचलून तिसऱ्या पिशवीत घातलं, तिच्यावर शिक्का मारला, आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून, पावलं टाकत, ती बाहेर नेली. रिकाम्या ट्रकच्या मधोमध ठेवली. दोरी बांधली.

सासूबाई दारात उभ्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन, ताठ. एका माणसाने सहीसाठी कागद पुढे केला. त्यांनी सही केली. मग त्याला म्हणाल्या, “थांबा.” आत गेल्या, आणि दोन वाट्यांत काहीतरी झाकून घेऊन आल्या. “उन्हातून आलात. असेच कसे जाल?”

तो चष्म्यामागून बघत राहिला. “बाई, आम्हाला कामावर तोंड उघडता येत नाही.”

“मग घरी न्या. वाट्या सावकाश द्या.”

ट्रक गेला. बाबा शांतपणे म्हणाले, “झालं. आता माझं.”

मला आधी कळेना. मग कळलं. कागद आला होता. छत निर्दोष ठरलं होतं, म्हणजेच ते आता कुणालाही बिनघोर फोडता येणार होतं. अकरा दिवस मी ज्याच्या सुटकेसाठी जीव टांगून बसले होते, ते सुटल्याबरोबर बाबा स्वतःच पाडायला निघाले होते. मी म्हटलं, “बाबा, राहू दे हवं तर. पंख्यापुरतंच बघू.”

“पीठ पडतं ना पाळण्यात?” ते म्हणाले. “मग नको. सिमेंटचं असलं म्हणून काय झालं, पोरीच्या नाकात कशाला? पण मिस्त्री नको. कुठला स्क्रू कुठे अडतो ते मला माहीत आहे.”

त्यांनी दोन दिवस घेतले. मुखपट्टी लावून, फवाऱ्याने भिजवून, एकेक शीट अख्खी उतरवली. नवरा दुसरं टोक धरायला. मी दारातून बघत होते. पहिली शीट उलटी करून भिंतीला टेकवली, आणि तिच्या पाठीवर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं दिसलं. तीस वर्षं आढ्याकडे तोंड करून राहिलेलं. अक्षर मी लगेच ओळखलं. मसाल्याच्या सगळ्या डब्यांवर तेच अक्षर आहे.

‘१ – ठीक.’ ‘४ – मोजून कापा, अंदाजाने नको.’ ‘७ – हात दुखतोय, लवकर ठोका.’ ‘९ – पोराच्या केसांत भुसा गेलाय, धुवायला हवेत.’

म्हणजे दुसरं टोक तेव्हाही कुणीतरी धरलं होतं. हे आम्हाला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आणि अकराव्या शीटवर, जिच्या कोपऱ्यातून मी दोन नंबरचा तुकडा काढला होता, लिहिलं होतं: ‘११ – वाकडी. सांगितलं होतं.’

सासूबाई चहा घेऊन आल्या, त्या ओळीकडे बघितलं, आणि कप ठेवून निघून गेल्या.

पुढच्या रविवारी वायरमनने कागद वाचला, दोन वेळा, आणि खरंच तासाभरात तुळईला पंखा लावून गेला. ठकी खोलीच्या मध्यावर पालथी पडून तो बघत होती. बघता बघता तिने एक गुडघा पुढे टाकला, मग दुसरा, आणि दारापर्यंत गेली. मी ओरडले, सगळे धावत आले, तोवर ती बसून खाली पडलेला एखादा स्क्रू तोंडात घालायला शोधत होती. खोली झाडून घेतली होती. सापडला नाही.

बाबा मात्र त्या दिवशी अंगणातच होते. अकराव्या शीटचा एक चौकोन त्यांनी भिजवून करवतीने कापला, वीतभर लांब, वीतभर रुंद. कडा घासून गुळगुळीत केल्या. अहवालातला दोन नंबरचा उतारा कात्रीने कापून प्लास्टिकमध्ये घातला आणि मागच्या बाजूला चिकटवला. मग तो चौकोन आणून, काही न बोलता, ओट्यावर पाटीच्या रिकाम्या जागी ठेवला.

सासूबाईंनी तो हातात घेऊन उजेडात धरला. एक डोळा मिटून कड बघितली. मग खाली ठेवला, बोटाने एक कोपरा दाबून पाहिला. डुगडुगत होता.

“वाकडीच आहे,” त्या म्हणाल्या, आणि तापलेली इस्त्री तिच्यावर ठेवली.